चुकायची पाळी माझी

पोपटी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचून म्हणाल, ही बाई एका मडक्यासाठी एवढी का नाचली? रायगडात भात निघालं की रिकाम्या खाचरांत वाल टाकतात. थंडीत त्याला कोवळ्या शेंगा धरतात. त्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधेमधे अंडी, बटाटे, रताळी आणि खाणाऱ्यांच्या घरी कोंबडी, हे सगळं मातीच्या मडक्यात भरायचं. तळाला आणि तोंडाला भांबुर्डीचा पाला कोंबायचा. भांबुर्डी म्हणजे बांधावर आपसूक उगवणारं, उग्र वासाचं एक रोपटं. मग मडकं पालथं घालायचं, भोवती पेंढा आणि काटक्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं. पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही. झाली पोपटी. खायला सोपी, लिहायला महाकठीण, आणि मला ती लिहायची होती.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या रानच्या आणि शेतातल्या खाण्यावर मी आणि माझी सहकारी शैला मिळून पुस्तक लिहीत होतो. मी वनस्पतिशास्त्राची, ती समाजशास्त्राची. पुण्याच्या एकाच कॉलेजात दोघींनी उभी हयात काढली. लेख एकत्र लिहिले, भांडणंही एकत्र केली, निवृत्तही मागेपुढे झालो. पुस्तक लिहून झालं होतं, फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. पोपटीचं. दरवर्षी थंडीत आम्ही कर्जतजवळच्या कोंडाण्याला, ओळखीच्या हिराबाईकडे पोपटी खायला जायचो आणि नुसती खाऊन यायचो. वही काढली की शैला माझ्या हातावर चापट मारायची. "एक तरी गोष्ट अभ्यास न करता खा गं," म्हणायची. "पोपटीचं प्रकरण मी लिहीन. सगळ्यात शेवटी. आणि आठवणीवर नाही, धूर खाऊन."

गणपतीनंतर ती आजारी काय पडली, दसऱ्याच्या आत गेलीसुद्धा. प्रकाशक भला माणूस. म्हणाला, "बाई, शेवटचं प्रकरण वगळून छापू या, कोणाच्या लक्षातही येणार नाही." मी म्हटलं, "तुमच्याकडे नवरी वगळून अक्षता टाकतात का हो?" बोलायला बोलून बसले, पण आता ते प्रकरण कोणीतरी लिहिणं भाग होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी.

इथे आमची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळी गोम तिथे आहे. मी कॉलेजात नवी लागले तेव्हाची गोष्ट. स्टाफरूममध्ये डबा उघडला, तर एक अनोळखी बाई डोकावून म्हणाली, "वा, मेथी!" मेथी? चाकवत होता तो, स्वच्छ चाकवत! चाकवत आणि मेथीत फरक काय, तो कुठल्या रानात येतो, बार्शीला माझी आई त्यात ताक कधी घालते आणि डाळ कधी घालते, हे सगळं मी पुढचा तास बुडवून तिला समजावत बसले. काही दिवसांनी त्या बाईचा एक लेख हातात पडला. त्यात माझी आई, ताक, डाळ, सगळं हजर! मी तणतणत गेले. "तुम्हाला चाकवत ओळखता येत होता?" तर म्हणते कशी, "येतो की. पण चाकवत कसा करता असं विचारलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, करतो आपला साधा."

ती शैला. माणसाला विचारलं तर तो लाजतो, पण आपण ठामपणे चुकीचं बोललो की त्याला राहवत नाही, हे तिचं सगळं शास्त्र. गावोगाव तिने तेच केलं. ओट्यावर बसायचं, चेहरा साळसूद ठेवायचा आणि म्हणायचं, "ही नाचणी ना? झाडाला लागते ना?" की सगळी आळी तिच्यावर तुटून पडायची. मी तिच्या डाव्या हाताला बसून लिहून घ्यायची. सगळ्यांचा दम संपला की ती मान डावीकडे वळवून हळूच विचारायची, "लिहिलंस?" तिने चुकायचं आणि मी लिहायचं. आता चुकणार कोण?

कर्जत

पुण्याहून सकाळच्या गाडीने घाट उतरले. घाटात गाडीची खिडकी सताड उघडी ठेवायची ही शैलाची खोड. कितीही गारठा असो, बोगदा संपला की तिला दरी दिसलीच पाहिजे. त्यावरून दरवर्षी आमची खणाखणी व्हायची. या वेळी भांडायला ती नव्हती, म्हणून मीच उघडी ठेवली. समोरचे गृहस्थ मफलर गुंडाळत माझ्याकडे खाऊ का गिळू असं बघत होते. दरी धुक्याने भरलेली, मला काही म्हणता काही दिसलं नाही, आणि कर्जतला उतरले ती शिंकतच.

उतरल्या उतरल्या फलाटावरचा वडा खायचा हा आमचा नेम. घेतला. गरम लागला, तिखट लागला, पण चव म्हणून कळेना. नाकाला नुसतं कुलूप. शैला असती तर म्हणाली असती, खिडकीवरून बोलायचा तुला आता जन्मात अधिकार नाही.

सामान लॉजवर टाकून बाजारात गेले. आसपासच्या गावांतल्या बायका रस्त्याकडेला गोणपाट पसरून वालाच्या शेंगांचे ढीग लावून बसल्या होत्या. म्हटलं, सराव इथूनच करू. एका ढिगापुढे बसले, शैलासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "या तुरीच्या शेंगा कुठल्या गो?"

बाईने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, पिशवीतल्या वहीकडे पाहिलं. म्हणाली, "तुरीच्या तर तुरीच्या. तुमाला काय म्हनायचं ते म्हना बाई, भाव त्योच."

दुसरीला म्हटलं, "या झाडावरून काढता का?" ती म्हणाली, "व्हय." तिसरीने तर शेजारणीला कोपर मारून सांगितलं, "अगं, या सरकारी बाई हायेत वाटतं, गप बस." घ्या! शैलाने हेच म्हटलं असतं तर पाच बायकांनी मिळून तिला वालाचा वेल काढून दाखवला असता. माझं दुखणं मला माहीत आहे. जन्मभर वर्गात उभं राहून माझा आवाज असा झालाय की मी चुकीचं बोलले तर लोक ते वहीत उतरवून घेतात. नवऱ्याचाही तोच अनुभव आहे, पण तो आता बोलत नाही.

चौक

दुसऱ्या दिवशी चौकला निघाले. तिथल्या ढाब्यांवर थंडीत "पोपटी मिळेल" अशा पाट्या लागतात असं ऐकलं होतं. हिराबाईपुढे उभं राहण्याआधी परक्या ठिकाणी एकदा रंगीत तालीम होऊन जाऊ दे, असा विचार. सहा आसनी रिक्षात आम्ही दहाजण होतो. माझी शिंक आली की रिक्षावाला आरशात बघायचा. तिसऱ्या शिंकेला म्हणाला, "म्याडम, जरा आधी सांगत जा, मी ब्रेक लावतोय दरवेळी." सगळी रिक्षा हसली, मीही हसले आणि पुन्हा शिंकले.

चौक गावातून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. पलीकडे नवा मोठा रस्ता झाल्यापासून घाईतली माणसं तिकडून जातात. इकडे ट्रक, टेंपो, टायरांच्या उतरंडी लावलेली गॅरेजं आणि ढाबे. माथेरानचा डोंगर इथून इतका जवळ दिसतो की हात लावावा. पाटी लावलेला एक ढाबा निवडला. मालक मोठा अगत्यशील. खुर्ची पुसून दिली, टेबल पुसलं, माझी पिशवीसुद्धा पुसली.

मी घसा साफ केला आणि शैलाचं ठेवणीतलं वाक्य काढलं. हे वाक्य ती हिराबाईला दरवर्षी न चुकता ऐकवायची आणि सगळं कोंडाणं तिच्यावर ओरडायचं. "काय हो, पोपटीत पाणी किती घालता? दोन तांबे?"

मालकाने एक क्षण विचार केला. मग तोंड भरून हसून म्हणाला, "घालू की मॅडम! रस्सा पाहिजे ना? वालाचा रस्सा एक नंबर होतो." आणि आत वळून ओरडला, "ए, एक पोपटी! रस्सेवाली!"

मी नको नको म्हणेपर्यंत तो आत गेलासुद्धा. यथावकाश एका वाडग्यातून वालाच्या शेंगांची आमटी आली, वर कोथिंबीर. आजूबाजूच्या टेबलांवरचे ट्रकवाले माना वळवून पाहू लागले. एकाने विचारलं, "हे काय नवीन?" मालक ऐटीत म्हणाला, "रस्सा पोपटी. पुण्याच्या मॅडमची ऑर्डर हाय." त्याबरोबर त्याने एक मागवली. मग शेजाऱ्याने. कपाळ माझं! उद्या कोणी संशोधक चौकला येईल आणि लिहील, या परिसरात रस्सेदार पोपटीची परंपरा आढळते. ती परंपरा मी सुरू केली. शैलाने हे ऐकलं असतं तर रस्त्यावर फतकल मारून हसली असती.

शैला असती तर, असं माझ्या मनात आलं आणि त्या वाडग्यापुढे मला एकदम फार एकटं वाटलं. दोघींच्या कामात मी स्वतःला नेहमी पक्की बाजू समजत आले. नावं माझी, कुळं माझी, तळटिपा माझ्या. शैला नुसती गप्पा मारते, असं मी तिला तोंडावर म्हणायची. आता कळत होतं की लोक बोलायचे ते तिच्यामुळे. माझ्यामुळे नुसतं लिहिलं जायचं. प्रकाशकाला फोन लावावा आणि सांगावं, वगळा ते प्रकरण, म्हणून हातात फोन घेतला. पण हिराबाईला येते म्हणून कळवलं होतं. आणि तिला अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती, जी मला फोनवर सांगवली नव्हती. फोन पिशवीत टाकला आणि आमटी संपवली.

कोंडाणे

कर्जतहून कोंडाण्याचा रस्ता मला डोळे मिटून येतो. उल्हास नदी कधी या हाताला, कधी त्या हाताला, कापलेली खाचरं, त्यांत वालाची हिरवी बेटं, आणि समोर राजमाचीचा डोंगर आडवा उभा. गाव डोंगराच्या पायथ्याशी. वर रानात बुद्धलेणी आहेत, त्यांच्या वाटेवर हिराबाईचं घर. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना ती ताक विकते, एरवी भात आणि वाल. वयाने माझ्याहून थोडी मोठी. दारात कलेक्टर आला तरी ती त्याला 'तू'च म्हणेल.

रिक्षा थांबली तेव्हा ती ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. "ये गं कुंदाबाई," म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून मागे रिक्षात बघू लागली. "शैलाबाई? मागनं येते?"

येताना सबंध रस्ता मी वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं एकही निघेना. "हिराबाई, शैला गेली गं," एवढंच बोलले.

"कुटं गेली?" असं तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं. सूप खाली ठेवलं. "अशी कशी गेली? आवंदा वाल दाट टाक म्हनून सांगून गेली ना माझ्याकडनं! मी टाकला तिच्यासाठी. ते बघ तिकडं." तिने बोट दाखवलं तिकडे खरंच दाट वाल होता. मी तिच्याशेजारी बसले आणि आम्ही दोघी पोटभर रडलो. आतून तिची सून संगीता पाण्याचा तांब्या घेऊन आली, तीही डोळे पुसत उभी राहिली.

मग हिराबाईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "बाई लाखात एक व्हती. पर तिला काय म्हनून काय येत नव्हतं गं."

मला रडता रडता हसू फुटलं.

"हसतेस काय? दरसाली इचारायची, हिराबाई, पानी किती घालू? दरसाली सांगायचो, नाय गं बाई, पोपटीला पानी नाय लागत. फुडच्या साली पुन्ना तेच! आनि म्हनं कालेजात शिकवते. पोरांचं काय झालं आसंल!"

सांगावं का हिला की शैलाला सगळं येत होतं? माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण आवरलं. तिने जन्मभर राखलेलं सोंग मी कोण उतरवणार? मी म्हटलं, "झालं त्या पोरांचं काहीतरी." हिराबाई कंबरेवर हात ठेवून उठली. "चल, आज पोपटी लावू. वाल काय उगा टाकलाय?"

संगीता शेंगा तोडायला गेली तोवर शेजारचे गायकवाडभाऊ बातमी ऐकून आले. "जय भीम, ताई," म्हणाले आणि ओट्यावर टेकले. रेल्वेत होते, आता निवृत्त. मग म्हणाले, "चला, लेण्याकडे जाऊन येऊ. शैलाताईंना आवडायचं." वर जाण्याच्या वाटेवर पावसाळ्यातले धबधबे आता नुसते काळे डाग होऊन राहिले होते. लेण्याच्या कमानीखाली आम्ही टेकलो. मी शिंकले आणि ती शिंक आतल्या दगडांनी परत केली.

"इथंच," गायकवाडभाऊ म्हणाले, "पहिल्यांदा आल्या तेव्हा मला विचारतात, हे लेणं इंग्रजांनी कोरलं ना? ताई, माझं डोकंच फिरलं! म्हटलं, इंग्रजांनी? मग मी जो सुरू झालो, भिक्खू कोण, चैत्य म्हणजे काय, विहार म्हणजे काय. अंधार पडला तेव्हा खाली उतरलो. घरी बायको म्हणाली, तुमचा आवाज कुठं गेला?" ते हसले. "आणि खरं सांगू? त्या दिवशी निम्मं मी ठोकून दिलं होतं. नंतर लायब्ररीतून पुस्तकं आणून सगळं वाचून काढलं. म्हटलं, बाई परत येणार, परत चुकणार, आपली तयारी पाहिजे. आता मीच लोकांना लेणं दाखवतो." मला हे काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशीचं मी सगळं इमानेइतबारे लिहून घेतलं होतं, ठोकून दिलेलं निम्मंसुद्धा.

खाली आलो तो ऊन कलायला लागलं होतं. अंगणात शेंगांचा ढीग, अंडी, रताळी, मडकं, सगळं मांडून ठेवलेलं. एव्हाना आळीतल्या आणखी चारदोन बायका जमल्या होत्या. राहिली होती फक्त भांबुर्डी. हिराबाईचे गुडघे धरले होते, संगीताचे हात मिठात होते. मी म्हटलं, "मी आणते."

"वळखशील?" हिराबाईने विचारलं.

आता सांगा, ज्या बाईने भांबुर्डीचं शास्त्रीय नाव पोरांकडून घोकून घेण्यात जन्म घालवला, तिला हे विचारायचं? मी म्हटलं, "अगं हिराबाई, तिचं कूळ-गोत्र सगळं मला पाठ आहे." विळा घेऊन तडक बांधावर गेले. पानांच्या कडा बघितल्या, लव बघितली, पानं देठाला कशी बसलीत ते बघितलं आणि चांगला कवळाभर पाला कापून आणला. मडक्याच्या तळाला तो मीच घातला, वर संगीताने शेंगांचे थर दिले. तोंडाला पाला कोंबायचा मानही मी घेतला. गायकवाडभाऊंनी पेंढा रचला आणि मडकं पालथं घालायला उचललं.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते, कारण शेवटी त्याला जागा उरणार नाही. त्या संध्याकाळी पोपटी झाली आणि उत्तम झाली. मला चव कळली नाही, पण बाकीच्यांच्या तोंडांवरून कळलं. आमच्या बार्शीकडे हुरडा असतो. तिथे पाहुणा बसतो आणि यजमान आगटीशी हात भाजत कणसं चोळून त्याच्यापुढे हुरडा ठेवतो. पाहुण्याने नुसतं 'पुरे' म्हणायचं. इथे मडकं फोडल्यासारखं गोणपाटावर रितं करतात आणि सगळे एकदम ढिगावर पडतात. पाहुणा मागे राहिला तर उपाशी राहतो. मी मागे राहिले नाही.

तर, मडकं उचललं आणि गायकवाडभाऊ थबकले. मडक्याच्या तोंडाशी नाक नेलं. "हिरावहिनी, वास का येत नाय?"

हिराबाईने मडक्याच्या तोंडातलं एक पान ओढून काढलं, तळव्यावर चोळलं, हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा हुंगलं. "कुंदाबाई, हे काय आनलंस?"

"भांबुर्डी."

"कशाची कपाळाची भांबुर्डी! ही तिची सवत हाय!"

मी ते पान हातात घेतलं आणि चष्म्याजवळ नेलं. दिसायला सख्खी बहीण, पण भांबुर्डी नव्हे. इथे पाला दरवर्षी हिराबाईच आणायची; मी भांबुर्डी जन्मभर निरखली ती कागदावर चिकटवलेली, वाळवलेली. कागदावर पानाची कड राहते, लव राहते, वास राहत नाही. आणि आज नाकाला कुलूप. वनस्पतिशास्त्राची पदवी, त्यावरची पदवी, आणि पोपटीत चुकीचा पाला! इतक्या जणांसमोर मी एवढी ठार चुकले नव्हते कधी.

आणि मग जे सुटले सगळे! हिराबाई म्हणाली, "अगं, भांबुर्डीला घाम सुटतो मडक्यात, त्या घामावर शेंगा शिजतात, म्हनून पानी नाय लागत! हिला कुटला घाम?" संगीता म्हणाली, "आत्याबाई, पन फुलावर आलेली बी घ्यायची नाय, कडवट लागते. माझ्या माहेरी खालापूरला तर पाला कापत नायत, खुडतात." हिराबाई म्हणाली, "तुज्या माहेरचं सांगू नको, तुमी कोंबडी तळाला घालता." "तळालाच घालायची, आंच तिथं लागते!" "अगं, मडकं पालथं हाय ना, मग तळ वर नाय का गेला?" एक शेजारीण म्हणाली, अंडी मधल्याच थरात. दुसरी म्हणाली, छे, अंडी तोंडाशी, नायतर फुटतात. गायकवाडभाऊ म्हणाले, पोपटी झाली की नाही हे बघायला त्यांची आई तापल्या मडक्यावर पाण्याचा हात झटकायची. चर्र झालं आणि थेंब उडाला तर झाली, ओघळला तर अजून थांबायचं. "मग पानी लागतंच की!" कोणीतरी ओरडलं. "वरनं, वरनं! आत नाय!" संगीता तेवढ्यात पळत जाऊन खरी भांबुर्डी घेऊन आली आणि सगळ्यांनी ती आधी माझ्या बंद नाकाशी आणि मग मडकं रितं करून त्यात कोंबली. प्रत्येकीला मला काहीतरी सांगायचं होतं, आणि एकीचं दुसरीला पटत नव्हतं. इतक्या वर्षांत या अंगणात मी एवढं ऐकलं नव्हतं. शैलाचं अख्खं प्रकरण माझ्यासमोर ओतलं जात होतं.

सगळ्यांचा दम संपला. माझ्या मनात आनंद मावेना. त्याच भरात मी मान डावीकडे वळवली आणि म्हणाले, "लिहिलंस?"

डावीकडे रिकामा पाट होता. वही माझ्याच पिशवीत, पिशवी ओट्यावर. एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

दरवर्षी भाताचं, रानभाज्यांचं सांगून झालं की शैला कशी मान वळवायची हे तिथल्या सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मला कोणाकडे बघवेना. मी म्हटलं, "लिहिणारी मीच होते गं. चुकत बसले, आता लिहिलं नाही कोणी."

हिराबाई गुडघ्यावर हात देत उठली. ओट्यावरची माझी पिशवी आणली, वही काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि त्या रिकाम्या पाटावर माझ्या डाव्या हाताला येऊन बसली.

"त्यात काय?" म्हणाली. "शैलाबाईला एकच गोष्ट दरसाली नव्यानं सांगायचो. तुला दोनदा सांगायला आमचं काय जातंय? चूक तू परत. पर बेतानं चूक, नि लिवत जा."

मी पेनाचं टोपण काढलं. सगळे माझ्याकडे बघत होते, गायकवाडभाऊ हातातली काडी न पेटवता थांबले होते. मी चेहरा होईल तेवढा साळसूद केला.

"बरं, हिराबाई," मी म्हटलं, "पोपटीत पाणी किती घालायचं? दोन तांबे?"

"नाय!" सगळं अंगण एकदम ओरडलं, आणि मी लिहायला घेतलं.